तुमचे प्रश्न: रॉडनी मलनचा बोर्ड आणि त्या बोर्डाबरोबर बदलत गेलेला माणूस

मागच्या अंकात स्केटबोर्डर टोनी हॉकबद्दल लिहिताना जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की नाव सगळ्यांना हॉकचं माहीत असतं पण स्केटबोर्ड हातात आल्यावर पोरं ज्या ट्रिकच्या मागे लागतात ती बहुतेक वेळा रॉडनी मलनची असते. झालं, त्या एका वाक्यावर इतके प्रश्न आले की हा अख्खा कॉलम त्याच्याच नावावर करून टाकलाय. काही प्रश्न एकसारखे होते म्हणून एकत्र केलेत, आणि "मलन भारी की हॉक" वाले सगळे प्रश्न बाजूला ठेवलेत, रागावू नका.

टोनी हॉकच्या गेममध्ये एक जण उभ्याउभ्या बोर्डाशी काहीतरी जादू करायचा, उडी नाही, रॅम्प नाही, जागेवरच. तोच का हा? आणि मग हा फेमस कशामुळे, कारण तो तर कुठे उंच उडताना दिसत नाही.

हो हो, तोच. टोनी हॉकच्या २००० सालच्या दुसऱ्या व्हिडिओ गेममध्ये मलन होता आणि तुमच्यासारखे बरेच जण त्याला तिथेच पहिल्यांदा भेटले. उंच उडत नाही हे निरीक्षण बरोबर आहे कारण तो मुळात फ्रीस्टाइलवाला. फ्रीस्टाइल म्हणजे सपाट जमीन, संगीत, ठराविक वेळ, आणि त्या वेळात बोर्ड आणि पाय यांच्यात जे काय होईल ते. रॅम्प नाही, कठडा नाही, काही नाही.

जन्म १७ ऑगस्ट १९६६, गाव गेन्सव्हिल, राज्य फ्लोरिडा, वडील डेंटिस्ट. स्केटिंगला घरून सक्त विरोध होता, शेवटी १ जानेवारी १९७७ ला म्हणजे दहाव्या वर्षी परवानगी मिळाली ती अटींवर: सगळी पॅड्स कायम घालायची, आणि पहिल्यांदा मोठं लागलं की कायमचं बंद. आता जरा विचार करा, ज्या पोराला माहितीय की एकदा हाड मोडलं की खेळ संपला, तो काय उंचावरून उड्या मारणार? तो जमिनीजवळच राहणार, आणि एकच गोष्ट हजार वेळा घोटणार. त्यात घर शेतावर, आजूबाजूला स्केटर कोणी नाही, मग गॅरेजमधली सपाट फरशी हेच याचं स्केटपार्क. मला कायम वाटतं की त्याची अख्खी स्टाइल त्या दोन गोष्टींतून आलीय, वडिलांची अट आणि गॅरेजची फरशी.

१९८० साली, वय तेरा-चौदा, हा पोरगा कॅलिफोर्नियात ओअॅसिस स्केटपार्कच्या प्रो स्पर्धेत उतरला आणि स्टीव्ह रोक्को नावाच्या मुरलेल्या फ्रीस्टाइलरला हरवून जिंकला. हे रोक्को नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे. त्यानंतर पॉवेल पेराल्टा या बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या बोन्स ब्रिगेड टीममध्ये गेला, तिथे टोनी हॉक, स्टीव्ह कॅबालेरो, माइक मॅकगिल, लान्स माउंटन, टॉमी ग्युरेरो अशी मंडळी. म्हणजे हॉक आणि मलन एकाच टीमचे, फक्त एक हवेत आणि एक जमिनीवर.

माझा आणि मित्राचा वाद झालाय. तो म्हणतो ऑली मलनने शोधली, मी म्हणतो अॅलन गेल्फंडने, नावच "ऑली" गेल्फंडचं आहे. पैज लागलीय, लवकर सांगा.

पैजेचे पैसे निम्मे निम्मे करा.

गेल्फंडचं टोपणनाव ऑली, आणि सत्तरच्या दशकाच्या शेवटी त्याने फ्लोरिडातल्याच स्केटपार्कमध्ये, वाटीसारख्या उतारावर, हात न लावता बोर्डासकट हवेत जाणं सुरू केलं, म्हणून ट्रिकला त्याचं नाव. पण तिथे भिंत असते, वर जायचा जोर वेगातून आणि भिंतीच्या वळणातून आयता मिळतो. सपाट जमिनीवर असलं काहीच नाही, तुम्ही उडी मारली तर बोर्ड खालीच राहतो. मलनने ऐंशीच्या दशकाच्या अगदी सुरुवातीला हे कोडं सोडवलं: मागच्या पायाने टेल, म्हणजे बोर्डाची शेपटी, जमिनीवर आपटायची, ती आपटली की बोर्ड पुढून उभा होतो, त्याच क्षणी पुढचा पाय बोर्डावरच्या खरखरीत ग्रिप टेपवर घासत वर न्यायचा म्हणजे मागची बाजूपण उचलली जाते आणि बोर्ड हवेत आडवा होतो. सी-सॉ सारखं. लिहायला दोन ओळी लागतात, शिकायला लोकांना कित्येक आठवडे लागतात.

आता हे महत्त्वाचं का, तर जमिनीवरून बोर्ड उचलता आला की फुटपाथ, बाक, पायऱ्या, कठडे सगळंच स्केटपार्क होतं. मार्क गॉन्झालेस आणि नातास कौपास या स्केटरांनी ही ऑली रस्त्यावर नेली आणि तिथून स्ट्रीट स्केटिंग जन्माला आलं. आणि एकदा बोर्ड हवेत गेला की मग त्याला फिरवायचं सुचणारच ना. हीलफ्लिप, इम्पॉसिबल, किकफ्लिप, ३६० फ्लिप, हे सगळं मलनने १९८२-८३ च्या आसपास, म्हणजे वयाची सतरा वर्षं पुरी होईपर्यंत जवळपास सगळं शोधलं. किकफ्लिपला तेव्हा मॅजिक फ्लिप म्हणायचे, कारण किकफ्लिप नावाची एक जुनी ट्रिक आधीच होती, त्यात पाय बोर्डाच्या खाली घालून उलटवायचा. नवीवाली बघितल्यावर लोकांना कळायचंच नाही की बोर्ड फिरला कशाने.

आजोळी जुन्या मासिकात मलनचा फोटो सापडला. बोर्ड अगदी लहान, दोन्ही टोकांखाली प्लास्टिक ठोकलेलं. हे काय आहे? आताच्या बोर्डाला तर असलं काही नसतं.

मस्त फोटो सापडला तुम्हाला! ते प्लास्टिक म्हणजे स्किड प्लेट. फ्रीस्टाइलमध्ये बोर्ड सतत टोकावर उभा राहतो, टेल घासते, कधी बोर्ड उलटा करून एका टोकावर तोल धरायचा असतो (त्याला कॅस्पर म्हणतात), तर नुसतं लाकूड महिनाभरात झिजून धारदार होईल. प्लेट लावली की टोक टिकतं.

आणि लहान का, तर त्याचा त्यावेळचा पॉवेल पेराल्टाचा बुद्धिबळाच्या पटाचं चित्र असलेला बोर्ड साधारण ७.४ इंच रुंद आणि २८ इंचापेक्षा आखूड. त्याच काळात रॅम्पवाले १० इंच रुंद, माशाच्या आकाराचे बोर्ड वापरत होते, मोठी शेपटी आणि पुढे नोज (पुढचं वळलेलं टोक) जवळपास नाहीच. शेजारी ठेवले तर एक होडी आणि एक पट्टी वाटेल.

रुंदीचा फरक छोटा वाटतो पण तो नाहीये. किकफ्लिपमध्ये बोर्ड त्याच्या लांबीच्या रेषेभोवती गिरकी घेतो. समजा रुंदी ७.५ वरून ८.२५ इंच केली, म्हणजे दहा टक्के वाढ, पण नुसत्या लाकडाचा हिशोब केला तर तेवढ्याच वेगाने फिरवायला जवळपास एक तृतीयांश जास्त जोर लागतो, कारण लाकूडही वाढलं आणि ते मधल्या रेषेपासून लांबही गेलं. १० इंचाच्या होडीवर ३६० फ्लिप कोणी का नाही शोधली याचं उत्तर इथेच आहे. म्हणजे शोधायला मलनच लागतो हे खरं, पण मलनलासुद्धा ती पट्टीच लागते.

अजून एक बारीक गोष्ट फोटोत दिसते का बघा, चाकांची बाहेरची कड आणि बोर्डाची कड एका रेषेत असेल. हे मुद्दाम असतं. बोर्ड आडवा, कडेवर उभा करून त्यावर स्वतः उभं राहायचं म्हणजे रेल स्टँड, त्यात खाली चाकांची बाजू आणि डेकची, म्हणजे लाकडी फळीची, कड दोन्ही टेकायला हवीत, चाक आत गेलं की डगमग.

तो किती स्पर्धा जिंकला? कुठे ३४ वाचलं, कुठे ३५.

३५ फ्रीस्टाइल स्पर्धांपैकी ३४, असा आकडा सगळीकडे सांगितला जातो, म्हणून दोन्ही आकडे दिसतात. जी एक हरला ती पर वेलिंडरकडून. हाच वेलिंडर पुढे १९९२ मध्ये टोनी हॉकबरोबर बर्डहाऊस कंपनी काढतो. स्केटिंगचं जग फार छोटं आहे हो.

जर तो फ्रीस्टाइलचा एवढा राजा होता तर ते सोडलं का? मला वाटतं पैशासाठी सोडलं.

तुमचा सूर जरा कडू वाटतोय पण प्रश्न रास्त आहे. त्याने फ्रीस्टाइल सोडलं असं म्हणण्यापेक्षा फ्रीस्टाइल त्याच्या पायाखालून निघून गेलं. ऐंशीचं दशक संपता संपता स्केटिंगचा धंदाच कोसळला, पार्क बंद पडली होती, आणि फ्रीस्टाइलच्या स्पर्धा तर संपल्यातच जमा. मलन तोपर्यंत युनिव्हर्सिटी ऑफ फ्लोरिडात इंजिनिअरिंग शिकत शिकत स्पर्धा खेळत होता. त्याने पॉवेल पेराल्टा सोडलं आणि वर्ल्ड इंडस्ट्रीजमध्ये भागीदार झाला, आणि ती कंपनी कोणाची? स्टीव्ह रोक्कोची. १९८० ला ज्याला हरवलं त्याच्याच बरोबर. पैसा लावला होता हे खरं, पण तेव्हा ती कंपनी म्हणजे जुगार होता, सोन्याची खाण वगैरे नंतर झाली.

खरा बदल प्लॅन बी टीममध्ये झाला. माइक टर्नास्की तिथला कर्ताधर्ता, त्याने मलनच्या मागे लागून त्याला स्ट्रीटवर आणलं. पंचविशीच्या माणसाला, ज्याने आयुष्यभर एकच प्रकार केला आणि त्यात तो जगात पहिला, त्याला सांगायचं की हे ठेव बाजूला आणि पोरांच्यात जाऊन नवशिका हो. मला विचाराल तर ३४ स्पर्धांपेक्षा हे अवघड. १९९२ च्या प्लॅन बीच्या पहिल्या व्हिडिओत तो स्ट्रीट बोर्डवर दिसला आणि लोक चाट पडले, कारण जुन्या ट्रिक्स त्याने टाकल्या नव्हत्या, फक्त आता त्या कठड्यावर आणि चालत्या वेगात होत होत्या. पुढे डार्कस्लाइड, म्हणजे बोर्ड हवेत उलटा करून, ग्रिपची बाजू खाली, त्यावर कठड्यावरून घसरत जायचं आणि परत सुलटा करून उतरायचं. ही कल्पना फ्रीस्टाइलमध्ये उलट्या बोर्डावर वर्षानुवर्षं उभं राहिलेल्या माणसालाच सुचणार. टर्नास्की १९९४ मध्ये अपघातात गेला, मलन त्याच्याबद्दल आजही बोलतो.

आणि इथेच मला जे सांगायचंय ते सांगतो. त्याच काळात, नव्वदच्या सुरुवातीला, सगळ्यांचेच बोर्ड बदलले. होडी गेली. बोर्ड अरुंद झाले, कडा सरळ झाल्या, नोज लांब आणि वर वळलेली, पुढचं मागचं जवळपास सारखं, चाकं तर इतकी बारीक की काही ४० मिमीच्या आसपास, छोट्या खड्यावरसुद्धा अडकायची. का? कारण सगळ्यांना फ्लिप ट्रिक्स करायच्या होत्या. म्हणजे फ्रीस्टाइलच्या स्पर्धा मेल्या आणि फ्रीस्टाइलचा बोर्ड, जरा लांब होऊन, सगळ्यांचा बोर्ड झाला! आज दुकानात जो नेहमीचा आइसक्रीमच्या काडीसारखा आकार मिळतो त्याच्यात ते गॅरेज आहे. मलनने फ्रीस्टाइल सोडलं असं मला म्हणूनच पटत नाही.

वय ३४, वीस वर्षांनी परत सुरू करतोय. मला मलनचा जसाच्या तसा सेटअप हवा. काय घेऊ?

जसाच्या तसा नका घेऊ, एवढंच सांगून थांबणार होतो पण तुम्ही पत्रात चार वेळा "प्लीज" लिहिलंय.

त्याचा सेटअप हा पन्नास वर्षांच्या पायाला बसलेला आहे. अरुंद बोर्ड पटकन फिरतो पण उतरताना पाय ठेवायला जागा कमी, वीस वर्षांनी परत येणाऱ्याला जागा हवी. ८ ते ८.२५ इंच रुंद डेक घ्या, सात थरांचं मेपल, नेहमीचंच. बूट नऊ-दहा नंबरचा असेल तर ८.५ पण चालेल. ट्रकची (डेकखाली चाकं धरणारा धातूचा भाग) एकूण रुंदी डेकइतकी, पाव इंच इकडेतिकडे ठीक. चाकं ५२ ते ५४ मिमी, कडकपणा ९९ए च्या आसपास, हे गुळगुळीत जागेसाठी. रस्ता खडबडीत असेल तर ७८ए ते ८५ए मधली मऊ चाकं घ्या, ट्रिक्स जरा सुस्त होतील पण दात वाजणार नाहीत. मोठी चाकं घेतलीत तर वळताना डेकला घासत नाहीत ना हे बघा, घासली की बोर्ड जागेवर थांबतो आणि तुम्ही पुढे जाता. तसं होत असेल तर डेक आणि ट्रकच्या मध्ये रायझर पॅड टाका.

मलनकडून घेण्यासारखं काही असेल तर ते वजनाचं वेड. २००० मध्ये त्याने टेन्सर ट्रक्स काढले, त्याच्या बेसप्लेटला (ट्रकचा डेकला टेकणारा भाग) घसरायला प्लास्टिकची पट्टी होती म्हणजे नोजस्लाइड-टेलस्लाइड, म्हणजे बोर्डाच्या टोकावर घसरणं, करताना धातू अडकू नये, बघा स्किड प्लेट परत आली की नाही वेगळ्या रूपात! पुढे मॅग्नेशियमचे हलके ट्रकपण आले. मग डेवॉन साँग या स्केटरबरोबर ऑलमोस्ट ही कंपनी, तिथे ट्रकच्या बोल्टांच्या वर लाकडाच्या थरांत कार्बन फायबरच्या चकत्या बसवलेले डेक निघाले, कारण डेक बहुतेक वेळा बोल्टांच्या आसपासच मोडतो. इंजिनिअरिंग शिकलेला माणूस आहे, दिसतं ते. पण पहिल्या सहा महिन्यांत तुम्हाला यातलं काही जाणवणार नाही, साधा डेक घ्या, तो झिजवा, मग महागड्याचा विचार करा.

आणि पॅड्स. त्याच्या वडिलांची अट तुम्हीपण पाळा. मनगटाचं गार्ड आणि हेल्मेट तरी.

बेअरिंग एबेक ३ घेऊ का ९? ९ जास्त फास्ट ना?

नाही. एबेक म्हणजे बेअरिंग किती अचूक मापात बनवलंय त्याची श्रेणी, वेगाची नाही. मशिनमध्ये मिनिटाला हजारो फेरे होतात तिथे त्याचा उपयोग. स्केटबोर्डवर उड्या, आपटणं, बाजूचा दाब, धूळ, याचा एबेकमध्ये हिशोबच नाही, म्हणून बोन्ससारखी कंपनी तो आकडा लावतच नाही. माप सगळ्यांचं एकच असतं, ६०८, आतलं भोक ८ मिमी, बाहेरचा व्यास २२, जाडी ७. साधं चांगलं घ्या, पाण्यात चालवू नका, आवाज आला की झाकण काढून सॉल्व्हंटने धुवा, पूर्ण वाळवा, एक-दोन थेंब हलकं तेल. जाड ग्रीस भरू नका.

मलनने स्वतःचंच हाड मोडून घेतलं असं ऐकलं, खरं का हो? मला तर थाप वाटते.

मोडून घेतलं असं नाही पण जे आहे तेही ऐकवत नाही. कित्येक वर्षं एकाच बाजूने उभं राहून, एकाच पायावर आपटून आपटून त्याच्या खुब्याच्या सांध्यात जुन्या जखमांचे पेशीबंध आणि हाडाची वाढ झाली, मांडीचं हाड सांध्यात घासायला लागलं, चालणं अवघड झालं. त्याने मुलाखतींमध्ये सांगितलंय की ते जाम झालेलं सगळं सोडवायला तो वर्षानुवर्षं स्वतःच जोर लावत बसायचा, गाडीच्या खालच्या भागाला पाय अडकवून ताण द्यायचा, अवजारांच्या मुठीने दाबायचा, वेदनेने ओरडणं कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून रात्रीच्या वेळी. हे वाचून कृपा करून कोणी प्रयोग करू नका, डॉक्टरकडे जा.

पण यातून जे निघालं ते फार सुंदर आहे. सांधा मोकळा झाल्यावर त्याने ठरवलं की आता एका बाजूने उभंच राहायचं नाही. प्रत्येक स्केटरची एक बाजू असते, डावा पाय पुढे तो रेग्युलर, उजवा पुढे तो गूफी, उलट बाजूने केलं तर त्याला स्विच म्हणतात आणि ते डाव्या हाताने सही करण्यासारखं वाटतं. मलनने हा फरकच पुसायला घेतला, रेग्युलर नाही, स्विच नाही, दोन्ही सारखं. चाळिशी ओलांडलेला माणूस, ज्याने किकफ्लिप शोधली, तो किकफ्लिप परत पहिल्यापासून शिकतोय. २०१६ मध्ये फोटोग्राफर स्टीव्हन सेब्रिंगने कॅमेऱ्यांच्या गोल रिंगमध्ये त्याला शूट केलं, तेव्हा तो पन्नाशीला टेकला होता, बघाच तो व्हिडिओ, कुठला पाय पुढे आहे ते कळत नाही. त्याच्या तीन वर्षं आधी त्याला स्केटबोर्डिंगच्या हॉल ऑफ फेममध्ये घेऊन झालं होतं, म्हणजे बाकीच्यांच्या हिशोबाने करिअर संपलेलं.

माझ्याकडे काकांचा जुना बोर्ड आहे, बुद्धिबळाचा पट असलेलाच! नवीन ट्रक बसवायला गेलो तर भोकं जुळत नाहीत. ड्रिल मारू का?

थांबा थांबा थांबा. ड्रिल खाली ठेवा.

जुन्या बोर्डांची भोकं बोर्डाच्या लांबीच्या दिशेने अडीच इंच अंतरावर असायची, नव्वदच्या सुरुवातीला ते अंतर २.१२५ इंच झालं, रुंदीच्या दिशेचं मात्र तेच राहिलं. तुमच्या ट्रकच्या बेसप्लेटला चार भोकं असतील, सहा भोकंवाली बेसप्लेट मिळते ती दोन्ही मापांना बसते, तेवढी बदलून घ्या. आणि आधी बोर्ड नीट बघा, त्या चित्राचे डेक पॉवेल पेराल्टाने नंतर परत काढलेत, तसला असेल तर बिनधास्त चालवा. पण काकांनी तो ऐंशीच्या दशकात घेतल्याचं सांगितलं, खाली स्किड प्लेटच्या झिजलेल्या खुणा असल्या, तर ट्रकपण नका लावू. एक फोटो काढून आम्हाला पाठवा आणि चालवायला दुसरा घ्या.